उघडं भांडं

पैसे एकाच गावाला पुरतात.
लीलाधरनं हे पासबुकावर तीनदा बोट ठेवून सांगितलं,
जणू तिसऱ्यांदा आकडा लाजून वाढणार होता.

एप्रिल संपत आलेला. त्रिमूर्तीनगरात
कूलरचा वाळा नवा, वास जुना.
टेबलावर एक बाटली, दोन स्टीलचे पेले
(काचेचे असले की समोरच्या गच्चीवरून ढोमणेबाई मोजतात)
आणि नातवाच्या अ‍ॅटलासमधला युरोप.
फ्रान्सला त्यानं मिशा काढल्यात.

लीलाधरला प्राग हवं.
अजनीत चौतीस वर्षं सिग्नल सांभाळले त्यानं.
म्हणतो, तिथं एक घड्याळ आहे सहाशे वर्षांचं,
तास भरला की झरोके उघडतात, संत फिरून जातात,
बाजूला हाडांचा सापळा, तो घंटा ओढतो.
"आणि टायमावर ओढतो ना बाप्पा!"
मी म्हटलं, आणि बियर?
तर म्हणे, वेटर चिठोऱ्यावर पेन्सिलीनं रेघ मारतो,
एक पेला, एक रेघ,
आपला दूधवाला कॅलेंडरवर मारायचा तशी.
भाषा नाही कळली तरी हिशेब कळेल.

मला ब्रसेल्स.
कॉलेजच्या लॅबमध्ये मी यीस्ट सांभाळलं,
त्याच्यापेक्षा दोन वर्षं जास्तच.
पेशीला पेशी फुटताना, कळीसारखी,
किती पोरापोरींना दाखवली,
मग साबणानं हात धुऊन घरी येऊन कणीक मळली.
आमच्या लॅबचा धर्म एकच: झाकून ठेवा.
बाहेरचं आत यायला नको.

तिथं म्हणे उलटं.
धान्याचं उकळतं पाणी माळ्यावर नेऊन
पसरट भांड्यात ओततात,
झरोके सताड टाकतात आणि झोपायला जातात.
रात्रभर गावची हवा येते. तीच आंबवते.
जाळीजळमटंही झाडत नाहीत,
न जाणो, चवीत कोळ्याचाही हात असेल.

हे वाचलं त्या रात्री झोप नाही आली.
छत्तीस वर्षं मी ज्याला हाकललं
त्याची कुणी दार उघडून वाट बघतं.

"पण हे तर फक्त थंडीत करतात,"
माझाच कागद वाचून लीलाधर म्हणाला.
म्हणजे जायचं तर डिसेंबरात.
दोघंही गप्प.

मेमध्ये नागपूर सोडायला कारण लागत नाही.
डिसेंबरात सोडायला काळीज लागतं.
फुटाळ्यावर सकाळचं धुकं,
ढिगाशी भाव करताना नखात राहिलेली संत्र्याची साल,
अधिवेशनानं अडवलेल्या रस्त्यांना घातलेल्या शिव्या,
त्याही गोड लागतात त्या महिन्यात.

बाहेर पंचेचाळीसचा वारा कुणाचा तरी पत्रा वाजवत होता.
लीलाधरनं बाटलीतलं उरलेलं माझ्या पेल्यात ओतलं.
हरणार असला की तो असं करतो.
जिंकणार असला तरी करतो,
त्यामुळे काही कळत नाही.

मीच म्हटलं, प्राग. मे.
"रुसून तर नाही ना म्हणत?"
नाही. मलाही तो सापळा बघायचाय.
कुणीतरी वेळेवर येतं,
हे या वयात एकदा
तिकीट काढून, हातात पेला घेऊन बघावं.

आणि डिसेंबरात
मी सव उकळीन, गाळीन,
गच्चीवर कलईची परात मांडीन.
ढोमणेबाईंना काय मोजायचं ते मोजू दे.
बिघडेलही. बहुतेक बिघडेलच.
नागपूरच्या हवेला अजून कुणी
असं विचारलेलं नाही.

लीलाधर मफलर गुंडाळून वर येईल.
"काहून झाकलं नाही?"
पाहुणे यायचेत.
तो परातीकडे बघेल, मग आभाळाकडे,
आणि खाली जाताना
जिन्यातला दिवा
चालूच ठेवील.